लेकराची गरिबी मोजतात घराच्या पत्त्यावर, लेकरू असतं फडात

दसरा झाला की आमच्या बीडकडच्या डोंगरपट्ट्यात गावं ऊसतोडीला हलायला लागतात. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, आष्टी, तिकडं पाथर्डी-शेवगाव, रोज रात्री कुठल्या ना कुठल्या वस्तीवर ट्रॅक्टर येऊन उभा राहतो, मागं दोन ट्रॉल्या, त्यात बांबू, ताडपत्री, पाण्याचं पिंप, पिठाच्या गोण्या, एखादी शेळी, डालग्याखाली झाकलेल्या कोंबड्या आणि सगळ्यात वर गोधडीत गुंडाळलेली लेकरं. पहाटे बघाल तर वस्तीवर म्हातारी माणसं आणि कुत्री तेवढी शिल्लक. मी शाळेत होतो तेव्हा दिवाळीची सुट्टी संपून वर्ग उघडला की निम्मी बाकं मोकळी असायची आणि आम्हाला त्याचं काही म्हणजे काही वाटायचं नाही, उलट ऐसपैस बसायला मिळतंय म्हणून खूश. आता लिहिताना कसंतरीच वाटतंय, पण तेव्हा तसंच होतं.

ग्रामीण भागातल्या मुलांची गरिबी हा विषय निघाला की दोन-चार मोठे आकडे फेकले जातात, दारिद्र्यरेषा, कुपोषण, गळती, आणि वाचणाऱ्याच्या हातात काहीच लागत नाही. म्हणून मी इथं सगळ्या गावाकडच्या मुलांबद्दल न बोलता फक्त ऊसतोड मजुरांच्या मुलांबद्दल बोलणार आहे, कारण ते मला जवळून माहितीय आणि कारण एवढं एक नीट कळलं ना, तर वीटभट्टीवरची, दगडखाणीवरची, मेंढपाळांची लेकरं यांचं काय होत असेल तेही बरंचसं आपोआप कळतं.

आधी हा धंदा चालतो कसा ते बघू, नाहीतर पुढचं काही समजणार नाही. बालाघाटचा हा पट्टा कोरडवाहू, माती हलकी, पाऊस बेभरवशाचा, १९७२ च्या दुष्काळानंतर साखर कारखान्यांकडं जायची वाट रुळली आणि ती आजपर्यंत चालूय. मराठवाडा, अहिल्यानगर, जळगाव-नाशिककडचे काही तालुके इथून माणसं उठतात आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अगदी कर्नाटकात बेळगावकडं जातात. नक्की किती जातात याचे अंदाज आठ लाखांपासून बारा लाखांच्याही पुढंपर्यंत आहेत, म्हणजे चार लाख माणसांचा हिशोबच लागत नाही, यावरूनच कळा काय ते. मजूर मोजायचं एकक म्हणजे कोयता. एक कोयता म्हणजे एक माणूस नाही हं, नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. हा शब्द लक्षात ठेवा, पुढं मुलींच्या लग्नापाशी तो परत येणारे.

मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा ठेकेदार, पावसाळ्यातच उचल देतो. उचल म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यामागं लाखभर किंवा कमीजास्त, आणि मग हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. जानेवारी २०२४ मध्ये मजुरांच्या संघटना आणि साखर संघ यांच्यात ठरलं आणि तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला, ३४ टक्के वाढ. चांगली वाढ आहे, नाही म्हणत नाही. पण जरा गणित करून बघा. एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो असं धरा, म्हणजे ७३२ रुपये, दोन माणसांचे, पहाटे चारपासून अंधार पडेपर्यंतचे, आणि गाडी भरायला रात्री आली तर परत रात्रीचे. लाखाची उचल फिटायला साधारण २७३ टन तोडावे लागतात, म्हणजे १३७ दिवस, एकही खाडा न करता. आता हंगाम शंभर-सव्वाशे दिवसांत आटपला तर? बाकी राहते, आणि बाकी राहिली की पुढच्या सालीही त्याच मुकादमाकडं जायचं. खाडा केला तर दंड वेगळा. पोरगं तापलंय म्हणून आई कोपीत, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, थांबली तर तो खाडाच.

हे सगळं लेकरांच्या लेखात कशाला सांगतोय असं वाटत असेल तर हे त्याचं उत्तर. आई कोपीत थांबू शकत नाही, कारण तिच्या थांबण्याला भाव लावलेला आहे. लेकराच्या बाबतीत पुढं जे काही होतं, त्यातलं निम्मं इथून निघतं.

आता गरिबी मोजायची कशी. पूर्वी नुसता खर्च मोजायचे, तेंडुलकर समितीच्या हिशोबाने २०११-१२ ला गावाकडं माणशी महिना ८१६ रुपयांच्या वर खर्च असला की तो माणूस गरीब नाही. यात लेकरू कुठं दिसतच नाही, घरातला एक आकडा काढायचा आणि डोक्यांनी भागायचा. नंतर बहुआयामी गरिबी निर्देशांक आला, नाव अवघड आहे पण कल्पना सोपी, की नुसते पैसे नका बघू, घरात १२ गोष्टी आहेत का बघा: पोषण, बालमृत्यू झालाय का, बाळंतपणात नीट सेवा मिळाली का, घरात कोणी सहा वर्षं तरी शिकलंय का, मुलं शाळेत जातात का, स्वयंपाकाला गॅस, संडास, पाणी, वीज, घर, चीजवस्तू, बँक खातं. प्रत्येक गोष्टीला हिशोबात ठरलेलं वजन असतं, एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त वजनाच्या गोष्टी नसतील तर ते घर गरीब. नीती आयोगाच्या हिशोबाने असे गरीब देशात २०१५-१६ ला २४.८५ टक्के होते ते २०१९-२१ ला १४.९६ टक्क्यांवर आले, ग्रामीण भागात ३२.५९ चे १९.२८ झाले, आणि महाराष्ट्र तर ७.८१ टक्क्यांवर आला. पद्धत म्हणून ही जुन्यापेक्षा शंभरपट बरी, आणि सुधारणाही खोटी नाही, संडास झाले, वीज आली, खाती उघडली, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पण डोंगरपट्ट्यातलं एक घर घ्या. घरकुल मिळालंय, स्लॅब आहे, मीटर आहे, संडास बांधलाय, गॅसची टाकी आहे, जनधन खातं आहे, पोराचं नाव शाळेच्या पटावर आहे. बाराच्या बारा नाही तरी आठ-नऊ खुणा बरोबर. आता तेच कुटुंब जानेवारीत बघा. उसाच्या वाढ्याची नाहीतर ताडपत्रीची कोपी, आत वाकून जायचं, दार म्हणून गोणपाट, वीज नाही, संडास नाही, पाणी विहिरीचं नाहीतर पाटाचं, चूल तीन दगडांची, आणि शाळा इकडं दोनशे-तीनशे किलोमीटरवर. कागदावर ते घर गरिबीतून बाहेर आलेलं, आणि त्या घरातलं लेकरू वर्षातले पाच महिने गरिबीच्या आत राहतंय. चूक मोजणाऱ्याची नाही, त्याने घर मोजलं, घर तर जागेवरच आहे, कुलूप लावून.

मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. आपल्याकडं मुलांसाठी योजना कमी नाहीत, खरंच नाहीत, पण जवळजवळ प्रत्येक योजना पत्त्याला बांधलेली आहे, अंगणवाडी गावाची, शाळा गावाची, आशाताई गावाची, लसीची यादी गावाची. आणि लेकराचं वाढणं मात्र पत्त्याला नाही, वयाला बांधलेलं असतं. मोठ्या माणसाची गरिबी चार वर्षांनी गेली तर तो म्हणतो चला, उशिरा का होईना बरे दिवस आले. लेकराचं तसं नसतं. दीड वर्षाच्या लेकराला जे त्या महिन्यात खायला हवं होतं ते पाचव्या वर्षी ताटभर वाढून चालत नाही.

हजार दिवस हा शब्द ऐकला असेल. गरोदरपणाचे साधारण २७० आणि पहिल्या दोन वर्षांचे ७३०. मेंदू, उंची, रोगाशी लढायची ताकद याचा पाया याच काळात पडतो, नंतर भरून काढणं फार अवघड जातं. आता हे हजार दिवस म्हणजे ३३ महिने, आणि हंगाम दर वर्षी येतो, तर या ३३ महिन्यांत दोन हंगाम पूर्ण बसतात आणि तिसऱ्याचा तुकडा. म्हणजे तेरा-चौदा महिने फडातले. पाया पडायच्या काळाचा जवळजवळ चाळीस टक्के भाग कोपीत.

फडात लेकराच्या खाण्याचं काय होतं ते बघू, इथं जरा थांबू या, कारण लोकांना वाटतं गरीब आहेत म्हणून खायला नसतं, तर तसं साधं नाहीये ते. बाजरी असते, गहू असतो, डाळ असते, मिरची-मीठ असतं. प्रश्न किती आहे यापेक्षा किती वेळा आहे हा आहे. लेकराचं पोट असतं मुठीएवढं. सहा महिन्यांनंतर त्याला अंगावरच्या दुधाबरोबर वरचं खाणं लागतं, आणि पोट लहान म्हणून ते थोडं थोडं, दिवसातून तीन-चार वेळा, मऊ, ताजं, त्यात डाळ, तेल, अंडं, भाजी असं काहीतरी. आई चूल पेटवते दिवसातून एकदा, फार तर दोनदा. पहाटे तीनला उठून भाकरी-कालवण, तेच फडात दुपारी, उरलं तर तेच रात्री. दात नसलेलं लेकरू भाकरी खाणार कशी? मग चहात बुडवलेलं पाच रुपयाचं बिस्कीट. बिस्किटाने रडं थांबतं, पोट भरल्यासारखं होतं, आणि जेवण झालंच नाही हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. हे फक्त फडातलं नाही बरं का, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ ला, देशातल्या ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं ११ टक्क्यांच्या आसपासच निघाली. पण घरी निदान शेजारीण असते, आजी असते, मऊ भात करून घालणारी. फडात लेकराला सांभाळणारी असते त्याची सात-आठ वर्षांची बहीण.

आणि लेकरू असतं कुठं? बैलगाडीखाली नाहीतर झाडाला लुगड्याची झोळी, नाहीतर बांधावर पाचटाच्या ढिगाजवळ. उसात साप असतात, जुन्नरकडं तर बिबटे उसातच राहतात, मागं घेणारे ट्रॅक्टर असतात. त्यात पाणी. पाटाचं पाणी प्यायलं की जुलाब, जुलाब झाले की खाल्लेलं अंगी लागत नाही, अंगी लागत नाही म्हणून अशक्तपणा, अशक्तपणा म्हणून परत जुलाब, हे चक्र तीन महिने चाललं की आजीला लेकरू ओळखू येत नाही.

अंगणवाडीच्या बोर्डावर तीन शब्द असतात त्यांचा घोळ एकदाचा मिटवू. वयाच्या मानाने उंची कमी, म्हणजे खुजेपणा, हा बरीच वर्षं हळूहळू झालेल्या उपासमारीचा पुरावा. उंचीच्या मानाने वजन कमी, म्हणजे लुकडेपणा, हा आत्ताचा धोका, गेल्या काही आठवड्यांतलं आजारपण किंवा खाण्याचे हाल. आणि वयाच्या मानाने वजन कमी, यात दोन्ही मिसळलेलं. महाराष्ट्रात त्याच पाहणीत पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुजी, २५.६ टक्के लुकडी आणि ३६.१ टक्के कमी वजनाची निघाली, अति लुकडी म्हणजे सॅममधली (तीव्र कुपोषित) १०.९ टक्के, आणि हा शेवटचा आकडा त्याआधीच्या फेरीत ९.४ होता, म्हणजे वाढला. रक्त कमी असलेली मुलं ५३.८ टक्क्यांवरून ६८.९ टक्क्यांवर गेली. हा महाराष्ट्र आहे, ज्याची गरिबी ७.८१ टक्के. दोन्ही आकडे जवळजवळ एकाच पाहणीतून आलेत आणि दोन्ही खरे आहेत, घर सुधारतंय आणि लेकराचं रक्त कमी होतंय असं दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे पचायला मला स्वतःला वेळ लागला.

लसीचंही तेच. सप्टेंबरच्या शेवटी जन्मलेलं लेकरू धरा. पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरची एक लस, तिचे डोस असतात दीड महिन्याला, अडीच महिन्याला आणि साडेतीन महिन्याला. म्हणजे नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. तिन्ही तारखा फडातल्या. गावातली आशाताई यादी घेऊन कुलपासमोर उभी, आणि तिकडच्या आशाताईच्या यादीत हे नावच नाही. कुणाचीही चूक नाही आणि लस मात्र राहिली. कार्ड आईकडं असलं तर तिकडं कोणत्याही उपकेंद्रात लस मिळते, नियम तसाच आहे, पण कार्ड पेटीत घरी राहिलेलं असतं आणि त्या दिवशी उपकेंद्रात जायचं म्हणजे परत खाडा.

आईबद्दल दोन ओळी लिहायलाच हव्यात, कारण लेकरू तिच्यातूनच येतं. पोटुशी बाई आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत मोळ्या उचलते, बाळंत होऊन काही दिवसांत परत फडात. २०१९ मध्ये बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय पेटला तेव्हा सरकारी समितीने जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. दर सहा जणींमागं एक. यामागं काय काय होतं यावर वेगळा लेख होईल, अंगावरून जाणं, जंतुसंसर्ग, खाड्याची भीती, डॉक्टरांची घाई, सगळंच. इथं एवढंच, की ज्या धंद्यात पाळीचे चार दिवससुद्धा परवडत नाहीत तिथं लेकराला दिवसातून चार वेळा भरवायला आईला सुट्टी कोण देणार.

आता शाळा. पहिलं सत्र जून ते दिवाळी, दुसरं सत्र दिवाळी ते एप्रिल. लेकरू पहिलं सत्र करतं, दुसरं बुडतं, गुढीपाडव्याच्या मागंपुढं परत येतं, परीक्षेला बसतं किंवा बसवलं जातं, वर जातं. पुढच्या वर्षी परत पहिलं सत्र. म्हणजे दर वर्षी पुस्तकाचा पुढचा अर्धा भाग शिकलेला आणि मागचा कोरा. गणितात हे फार क्रूर होतं, कारण गणित पायऱ्या-पायऱ्यांचं असतं. बेरीज-वजाबाकी येते, भागाकार आणि अपूर्णांक दुसऱ्या सत्रात गेले, पुढच्या वर्षी गुरुजी अपूर्णांकाच्या पुढून सुरू करतात. पाचवी-सहावीत येईपर्यंत पोराला वाटायला लागतं की आपल्याला डोकंच नाही. डोकं असतं हो, पाच-सहा ठिकाणी पायऱ्या नसतात.

नियमाप्रमाणे महिनाभराहून जास्त सलग गैरहजर असलेलं मूल शाळाबाह्य धरायला हवं. धरत नाहीत, का, तर पट कमी झाला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, शिक्षकाचं पद जातं, शाळाच बंद पडायची भीती. म्हणून हजेरी लागत राहते. मी गुरुजींना दोष देणार नाही, त्यांनी खरं लिहिलं तर जी पोरं गावात उरलीत त्यांचीही शाळा जाईल. पण परिणाम असा की कागदावर ते पोरगं वर्गात बसलेलं असतं, शालेय पोषण आहार म्हणजे खिचडी त्याच्या नावाने शिजते, आणि ते पोरगं दोनशे किलोमीटरवर वाढ्याच्या पेंड्या बांधत असतं. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, जनावरांना वैरण म्हणून विकतात, रोजचा किराणा त्यातूनच भागतो, आणि हे काम बहुतेक लेकरांकडं.

यावर साखरशाळा हा उपाय निघाला, कारखान्याच्या आवारात हंगामापुरती शाळा. शब्द मोठा गोड आहे. आणि काही ठिकाणी चांगल्या चालल्याही. पण एक गोष्ट बाहेरच्यांना माहिती नसते. मजुरांचे प्रकार असतात. गाडी सेंटरवाले, म्हणजे बैलगाडी नाहीतर टायरगाडीवाले, हे कारखान्याजवळ एका अड्ड्यावर चार-पाच महिने राहतात, त्यांच्या लेकरांसाठी साखरशाळा चालू शकते. आणि टोळीवाले, ट्रक-ट्रॅक्टरवर काम करणारे, यांची कोपी दर काही आठवड्यांनी हलते, आज या गावच्या फडात, उद्या पुढच्या. त्यांच्यासाठी एका जागची शाळा म्हणजे पुन्हा पत्ताच. नंतर शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला, मग जवळच्या जिल्हा परिषद शाळेत घाला असं धोरण आलं, शिक्षण हमी पत्रक आलं, म्हणजे हे पत्रक दाखवलं की कुठल्याही शाळेने बसवून घ्यायचं. कल्पना चांगली, पण तिथली पोरं यांना ऊसतोड्याचं पोरगं म्हणून वेगळं बसवतात, भाषेला हसतात, शाळा फडापासून तीन-चार किलोमीटर, आणि धाकट्या भावाला कोण बघणार हा प्रश्न तसाच. थोरल्या बहिणीची शाळा सुटते ती अभ्यासात कमी पडली म्हणून कमी आणि धाकट्याची झोळी हलवायला कोणी नव्हतं म्हणून जास्त. मला तर वाटतं फडाजवळ शाळेआधी पाळणाघर हवं. लहानग्याला सांभाळायला पगारी बाई असेल तर मोठी बहीण मोकळी होते, एका दगडात दोन पक्षी, पण पाळणाघर कधी कुणाच्या भाषणात येत नाही.

त्यातल्या त्यात ज्याने खरंच फरक पडला ते म्हणजे हंगामी वसतिगृह. नाव वसतिगृह आहे पण बहुतेक ठिकाणी इमारत वगैरे नसते, लेकरू गावातच आजी-आजोबांपाशी राहतं, शाळा चालू राहते आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण सरकारच्या पैशातून गावात शिजतं. इथं बघा, पहिल्यांदाच लेकरू पत्त्यावर ठेवलं गेलं. अडचणीही आहेत, मंजुरी उशिरा येते, टोळ्या ऑक्टोबरमध्ये जातात आणि चूल पेटते डिसेंबरात, तोवर लेकरू गेलेलं असतं. आणि सगळा भार येतो आजीवर, सत्तरीची बाई, डोळ्याला कमी दिसतं, तिच्याकडं तीन मुलांची चार-चार नातवंडं. आणि शाळेच्या वयाखालच्यांना हे लागूच नाही, ती आईबरोबरच जाणार, म्हणजे ज्यांचे हजार दिवस चालू आहेत तीच नेमकी फडात. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना जाहीर झाली, मुलांचं एक मुलींचं एक. मुलींचं वसतिगृह ही गोष्ट मोठी आहे, का ते सांगतो.

कोयता आठवतोय ना? नवरा-बायको मिळून एक. पोराचं लग्न झालं की अर्ध्या कोयत्याचा पूर्ण होतो, उचल दुप्पट. म्हणजे सून आणणं ही सासरच्यांसाठी कमाईची गोष्ट होते. आणि मुलीच्या आईबापाची बाजू बघा, तेरा-चौदा वर्षांची पोर, तिला दार नसलेल्या कोपीत एकटी ठेवून पहाटे चारला फडात जायचं की गावाकडं म्हाताऱ्यांजवळ ठेवायचं? दोन्हीकडं जिवाला घोर. त्यापेक्षा तिचे हात पिवळे करून टाका, जबाबदारी संपली. म्हणून बीडमध्ये २०१९-२१ च्या पाहणीत २०-२४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं, परभणीत ४८, आणि सगळ्या राज्याचा आकडा २१.९. आमच्याकडं लोक अडाणी आहेत म्हणून असं होतं म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा मांडून बघावं. २००६ चा कायदा आहे, ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, १०९८ ला फोन केला तर लग्न थांबतंही. थांबतं, पण लग्न थांबवून पोरीला परत त्याच कोपीत पाठवलं तर सहा महिन्यांनी दुसऱ्या गावात लग्न लागतं. म्हणून दार आणि कडी असलेली, जेवण असलेली, शाळेजवळची खोली, हाच मला बालविवाहावरचा सगळ्यात खमका इलाज वाटतो. अठराव्या वर्षी ७५ हजार देणारी लेक लाडकी योजना २०२३ ला आली, चांगलीच आहे, पण ती १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी, आज तेरा वर्षांची आहे तिला तिचा उपयोग नाही.

लोक विचारतात, जातातच कशाला, गावात रोजगार हमी आहे की. हा कायदा तर महाराष्ट्रानेच देशाला दिला, १९७७ चा. खरंय. पण रोजगार हमीत आधी काम, मग मोजमाप, मग मस्टर, मग कधीतरी खात्यात पैसे. आणि मुकादम लाख रुपये आधी हातात ठेवतो, जेव्हा दवाखाना असतो, लग्न असतं, बियाणं असतं. अडलेला माणूस कोणाकडं जाईल? उचल म्हणजे गरिबाची बँक आहे, तिचं व्याज आईच्या अंगमेहनतीतून आणि लेकराच्या पोटातून जातं एवढाच फरक. आता हार्वेस्टर, म्हणजे ऊस तोडणारी यंत्रं, यायला लागलेत, काहीजण म्हणतात प्रश्नच मिटेल. स्थलांतर कमी होईल कदाचित, पण गावात पाणी आणि काम नसेल तर ही माणसं वीटभट्टीवर जातील, लेकरं बरोबरच.

सगळं अंधारच आहे असंही नाही हं. २००५ मध्ये महाराष्ट्राने राजमाता जिजाऊ मिशन काढलं, हजार दिवसांवर जोर दिला, रिकामी पदं भरली, सेविकांना वजन खरं लिहा, खरं लिहिलं म्हणून कुणाला शिक्षा होणार नाही असं सांगितलं, आणि दोन वर्षांखालच्या मुलांतला खुजेपणा २००५-०६ च्या ३९ टक्क्यांवरून २०१२ ला २३ टक्क्यांच्या आसपास आला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी त्याआधीच दाखवलं होतं की गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर पाठवलं तर नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी होतात, १९९९ ला ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि आजच्या आशाताईंच्या घरभेटी त्यातूनच आल्या. दोन्हीकडं गोष्ट एकच, लेकरू यायची वाट न बघता लेकरापर्यंत जायचं. स्थलांतरितांसाठी आता महिला-बालविकास खात्याने मायग्रेशन ट्रॅकिंगची सिस्टीम केलीय, आई-लेकराला एक नंबर द्यायचा, ते जिथं जातील तिथल्या अंगणवाडीला तो कळायचा. कागदावर हे अगदी बरोबर उत्तर आहे. पण इकडच्या ताईने पाठवलं आणि तिकडच्या ताईकडं आधीच पन्नास लेकरं आणि एक खोली असेल तर नंबर काय करेल. तरी दिशा बरोबर आहे एवढं मी म्हणेन.

तुम्ही कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडचे असाल आणि तुमच्या शिवारात टोळी उतरली असेल तर काही गोष्टी माहिती असू द्या, त्या मजुरांनाही माहिती नसतात. त्यांच्या लेकरांना तुमच्या गावच्या अंगणवाडीत खाऊ मिळू शकतो, गाव त्यांचं नसलं तरी. शाळेत दाखल्यावाचून बसवून घ्यावं लागतं, दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, कायद्यात लिहिलंय. रेशन एका कार्डावर अर्धं इथं आणि अर्धं गावाकडं आजीला उचलता येतं, माणशी पाच किलो. दुकानदार नाही म्हणेल, त्याला परत विचारा. आणि अंगणवाडीत एक कागदी टेप असते, लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्याची, लेकराच्या दंडाला लावायची, सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचा दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला म्हणजे लाल, त्याला त्याच आठवड्यात दवाखान्यात न्यायला हवं. ताईला एकदा फडावर यायला सांगा, वाटल्यास गाडीवर सोडा, मोजायला एका लेकराला अर्धं मिनिट लागतं.